नळीत हवा नव्हती

हे माझ्यासोबत घडलंय. मित्राच्या मित्राने सांगितलेलं नाही, कुठे वाचलेलं नाही.

कंपनीचं नाव सांगणार नाही. चाकण एमआयडीसी, एवढंच पुरे. माणसांची नावं मात्र खरी ठेवतोय. कारण त्यातल्या एकाचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. निदान इथे तरी असू दे.

आणि आधीच सांगतो, यात रात्र नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. मे महिन्यातल्या गुरुवारी. ऊन असं की पत्र्याला हात लागला तर फोड यावा.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं...

मी ज्ञानेश. मूळचा परभणीकडचा. दापोडीत रेल्वे लाईनच्या बाजूला भाड्याने राहतो, मी आणि बायको अंजली. भोसरीतल्या एका छोट्या फर्ममध्ये नोकरी. कंपन्यांमधले मीटर दुरुस्त करायचे. प्रेशरचे, लेव्हलचे. मीटर खोटं बोलायला लागला की मला बोलावतात.

हे काम थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

खड्ड्यात पाणी किती आहे हे बघायला रोज कुणी काठी घालत नाही. तळाशी एक बारीक नळी बसवलेली असते. पाणी जेवढं उंच, तेवढा त्याचा भार जास्त. तो भार नळीतल्या पाण्यातून मीटरला कळतो आणि मीटर सेंटीमीटर दाखवतो.

पण नळीत हवेचा एक बुडबुडा जरी अडकला, की संपलं. पाणी दबत नाही, हवा दबते. तापली की फुगते. मग मीटर काहीही दाखवतो. दहातल्या सात तक्रारींमध्ये हेच निघतं. नळीवरचा छोटा स्क्रू ढिला करायचा, फुस्स करून हवा जाते, पाणी आलं की आवळायचा. पाच मिनिटांचं काम.

एप्रिलच्या शेवटी साहेबराव सरांचा फोन आला. ते त्या कंपनीचे मेंटेनन्स हेड.

"ज्ञानेश, आमचा पार्ट धुवायच्या पाण्याचा खड्डा आहे ना, त्याचा लेव्हल मीटर येडा झालाय. दर गुरुवारी दुपारी अलार्म देतो. प्लांट बंद, पाण्याचा थेंब येत नाही, तरी लेव्हल वाढलेली. नळीत हवा अडकलीय. काढून टाक आणि तसा रिपोर्ट दे."

"बघतो सर."

"बघायचं काय त्यात? हवाच आहे."

इतकी खात्री? मीटर उघडून न बघता?

पण मलाही तसंच वाटलं म्हणा. गुरुवारी आमच्याकडे एमआयडीसीला सुट्टी असते. बाकीच्या दिवशी खड्ड्यात पाणी येत-जात असतं, तेव्हा अशी चूक लक्षात येत नसेल. दुपारी पत्रा तापतो, नळी तापते, बुडबुडा फुगतो, रीडिंग वर. साधी गोष्ट.

पुढच्या गुरुवारी एक वाजता मी तिथे पोचलो.

सगळं शांत होतं. मशिनं बंद, कॅन्टीन बंद. गेटवर एक सिक्युरिटीवाला मोबाईलवर क्रिकेट बघत होता. आत मला आदिनाथ भेटला, खड्ड्याचा आणि पंपांचा ऑपरेटर. शेजारच्याच गावातला, शेतकरी घरातला, चाळिशीचा माणूस.

त्याने चावी दिली. आत आला नाही.

शेडच्या बाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला. तीही उन्हात. दहा पावलांवर चांगली सावली होती.

"सावलीत बसा की आदिनाथभाऊ."

"न्हाई. हितंच बरं हाय."

शेडमध्ये जमिनीतच तो खड्डा. चार फूट बाय पाच फूट, पुरुषभर खोल. वर लोखंडी जाळी. अशा जाळीला बिजागरी असते, कुलूप असतं. ही मात्र चारी बाजूंनी वेल्ड करून टाकली होती. वेल्डिंग नवं होतं.

मी बाहेर येऊन विचारलं, "जाळी कुणी वेल्ड केली?"

"साहेबांनी करून घेतली."

"मग खड्डा साफ कसा करता?"

त्याने खुर्ची अजून जरा मागे सरकवली.

"आता न्हाई करत."

खड्ड्याला लागूनच आठ पायऱ्या उतरून पंपाची छोटी खोली आहे. एक भिंत खड्ड्याची आणि खोलीची सामाईक. त्या भिंतीतून नळी येते आणि मीटरला लागते. मी खाली उतरलो. मीटरवर १४२.० होतं. नळीचा स्क्रू ढिला केला.

हवा आलीच नाही. थेट पाणी आलं.

दोनदा पाहिलं. नळीत हवा नव्हती.

मग म्हटलं थांबूया. अलार्मच्या वेळी काय होतं ते बघू. स्टूल ओढलं आणि मीटरसमोर बसलो.

दोन वाजून दहा मिनिटं.

भिंतीच्या पलीकडून आवाज आला...

थप.

ओल्या लोखंडावर अनवाणी पाय पडावा तसा.

थप... थप...

खड्ड्यात आतून लोखंडी पायऱ्या होत्या. कुणीतरी त्या उतरत होतं. प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा खालून येत होता. मी पाच मोजले.

आणि मीटर हलला. १४४.५.

एका झटक्यात. तापलेली हवा असं करत नाही. ती हळूहळू फुगते, एकेक मिलीमीटर. ही उडी होती.

मग बराच वेळ काही नाही. मग भिंतीवरून काहीतरी घासत खाली गेलं... तळहात घासावा तसं.

१४५.५.

मी धावत वर गेलो. जाळी जशीच्या तशी. खाली पाण्यावर तेलाचा जाड थर होता, दिवसभर न हललेला. त्या थराला बरोबर मधोमध एक भोक पडलं होतं. माणूस मावेल एवढं. माझ्या डोळ्यांदेखत ते हळूहळू बुजत गेलं. एक बुडबुडा वर आला. मग दुसरा.

मग काही नाही.

दोन चाळीसला मीटर पुन्हा १४२.० वर आला. तोही एका झटक्यात.

मी बाहेर येऊन आदिनाथला सगळं सांगितलं. आधी अडीच सेंटीमीटर, मग अजून एक. त्याला काहीच नवल वाटलं नाही, आणि तेच मला खटकलं.

तो म्हणाला, "आमच्या बारक्या हौदाला दगडी पायऱ्या होत्या, भाऊ. म्हस पाण्यात उतरली की एक पायरी बुडायची. म्हस पार डोक्यापतुर आत गेली की अजून बोटभर पानी चढायचं. आमी पोरं ते बघत बसायचो."

"म्हणजे?"

"म्हंजी काय न्हाई. तुमी हवाच ल्हिवा."

दापोडीला येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट. हा माणूस खेळतोय. जाळीला कुठेतरी फट असणार, हा वरून काहीतरी सोडत असणार. मी खाली बसलो होतो तेव्हा तो खरंच खुर्चीवर होता का? मी कुठे बघितलं होतं?

आणि समजा खेळतोय, तर कशासाठी?

दुसऱ्या गुरुवारी मी तयारीने गेलो. नवा मीटर नेऊन बसवला. नळीत भरायचं पाणी घरी उकळून, गार करून नेलं, म्हणजे त्यात विरघळलेली हवाही नको. अंजली हसली होती, "पाण्याला पण ताप आलाय का?" जाळीच्या भोवती मी खडूची पावडर पसरली, हातभर रुंद. कुणी जवळ आलं तर पाऊल उमटणारच.

आणि आदिनाथला सांगितलं, "मोठ्याने गाणी लावा मोबाईलवर. मला खाली ऐकू आली पाहिजेत. बंद करू नका आणि मोबाईल सोडून उठू नका."

त्याने लावली. खाली स्पष्ट ऐकू येत होती.

दोन दहा.

थप... थप... थप...

गाणं चालूच होतं.

१४४.५. मग तो घासण्याचा आवाज. मग १४५.५.

माझ्यातला मेकॅनिक अजून हट्टाला पेटलेला होता. म्हटलं, आत्ता या क्षणाला नळीत काय आहे ते बघतोच. मी स्क्रू पूर्ण काढला.

या वेळी हवा आली.

फुस्स करून जायला हवी होती. गेली नाही. येतच राहिली. बोटभर नळीत मावेल किती? छातीभर हवा बाहेर आली. गरम. ओली. थांबत थांबत... एक लांब, मग एक छोटी, मग अगदी तुटक.

मी घाबरून स्क्रूच्या भोकावर अंगठा दाबला.

आणि ते भोक आत ओढायला लागलं.

पाण्याचा भार बाहेर ढकलतो. नेहमी. दुसरं काही होऊच शकत नाही. पण माझा अंगठा आत ओढला जात होता. लहान बाळ दूध ओढतं तसा, पण कितीतरी जोरात. मी ओरडलो. वर गाणं वाजतंय, कुणाला ऐकू जाणार? पाय भिंतीला लावून हात हिसडला तेव्हा सुटला. स्क्रू कसाबसा परत बसवला.

वर आलो तर खडूच्या पावडरीवर एकही पाऊल नव्हतं. आदिनाथ खुर्चीवर होता, मोबाईल मांडीवर. माझ्या अंगठ्याला काळानिळा गोल पडला होता. त्याने तो पाहिला आणि मान खाली घातली.

जुना मीटर मी पिशवीत टाकला आणि निघालो.

गेटच्या बाहेर एक बाई उभी होती. साठीची, डोक्यावर पदर, हातात मोबाईल. सिक्युरिटीवाल्याने तिला आत सोडलं नव्हतं. मला बघून पुढे आली.

"दादा, इथं गणराज कामाला आलता का?"

बोली आमच्याकडची होती. मी थांबलो. तिने मोबाईलवर फोटो दाखवला. तिशीचा माणूस, कपाळावर गंध, हसरा.

"माझं लेकरू हाय. आम्ही देहूरोडला राहतो, गाव हिंगोलीकडं. फेब्रुवारीत चाकणला एक दिवसाचं काम हाय म्हणून गेलता. कंपनीचं नाव नाही सांगितलं. मी एकेका गेटवर विचारायलेय."

"कोणत्या दिवशी, मावशी?"

"दुसरा गुरुवार होता."

मी माहीत नाही म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. तरी तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. तिचं नाव सुभद्राबाई. नंबर घेऊन ठेवला.

या मीटरमध्ये जुनी रीडिंग साठलेली असतात. घरी आल्यावर लॅपटॉपला जोडून मी मागे मागे जात गेलो. प्रत्येक गुरुवारी दोन दहा. अडीच, मग एक. दोन चाळीसला खाली. मे, एप्रिल, मार्च. एकही गुरुवार सुटलेला नव्हता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारपर्यंत. त्याच्या आधी काही नाही.

अंजली मागे उभी होती. तिने बोट ठेवलं, "हे काय जास्तीचं आहे?"

त्या पहिल्या गुरुवारी एक उडी जास्त होती. दोन सतराला अजून अडीच सेंटीमीटर वर. दोन एकोणीसला तेवढंच खाली. नंतरच्या कुठल्याही गुरुवारी ती नव्हती.

"दोन माणसं उतरली होती," मी म्हणालो. "त्यातला एकजण दोन मिनिटांत वर आला."

"आणि दुसरा?"

"अर्ध्या तासाने. पण तो स्वतः नाही आला."

अंजलीने लॅपटॉप मिटला. जेवणही झालं नाही नीट.

रिपोर्ट आला नाही म्हणून साहेबराव सरांचे फोन सुरू झाले. दिवसातून चार-चार. शेवटी म्हणाले, "येत्या गुरुवारी मी स्वतः येतो. माझ्यासमोर हवा काढ, माझ्यासमोर सही कर. आणि तो जुना मीटर घेऊन ये. तो कंपनीचा आहे."

जुना मीटर मी घरी ठेवला. रिकाम्या हाताने गेलो.

तिसरा गुरुवार. आदिनाथ बाहेर उन्हात. मी आणि सर खाली. सर रुमालाने मान पुसत होते. रिपोर्टचा कागद त्यांनी आधीच भरून आणला होता. "नळीत हवा अडकली होती, काढली." खाली फक्त माझी सही बाकी.

दोन दहा.

पायऱ्यांचा आवाज आला. मी सरांकडे बघत होतो. त्यांनी मान वळवली नाही. आवाज ऐकूच आला नाही, असा चेहरा केला.

१४४.५.

"बघ," सर म्हणाले. "हवा. आता अजून एक सेंटीमीटर चढेल, की झालं."

भिंतीवरून घासल्याचा आवाज झाला. १४५.५.

मी म्हणालो, "सर, तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"अजून एक चढणार ते."

"तूच तर सांगितलंस फोनवर."

मी सांगितलं नव्हतं. फोनवर मी फक्त अलार्म खरा आहे एवढंच बोललो होतो. आकडे मला, अंजलीला आणि आदिनाथला माहीत होते.

त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेन माझ्या हातात कोंबलं. "सही कर, ज्ञानेश. उगाच डोकं चालवू नको."

मी पेन धरून उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, सही करायचं मनात आलं होतं. नोकरी जाईल, घरभाडं आहे, आपला काय संबंध... सगळं मनात आलं. पेन कागदाला टेकवलं.

तेवढ्यात मीटर पुन्हा हलला.

१४८.०.

घड्याळात दोन सतरा.

त्या पहिल्या गुरुवारानंतर ही उडी कधीच नव्हती आली.

"हे काय?" सर ओरडले. "हे कसं? हे नाही होत!"

आणि वर, बाहेर, आदिनाथ किंचाळला.

आम्ही धावलो. तो खुर्चीच्या शेजारी उभा होता. दोन्ही हात वर, दोर धरल्यासारखे. तोंड उघडं, पण श्वास आत जात नव्हता.

आणि तो भिजलेला होता...

छातीपासून खाली. पॅन्टमधून, शर्टातून पाणी गळत होतं. काळं, तेलकट, त्या खड्ड्याच्या वासाचं. छातीच्या वर सगळं कोरडं. खुर्ची कोरडी. भोवतालची फरशी तापलेली, कोरडी, त्यावर एकही ओलं पाऊल नाही.

"गप बस, आदिनाथ," साहेबराव सर म्हणाले.

आदिनाथ अजून काही बोललाच नव्हता.

किती वेळ गेला ठाऊक नाही. दोनेक मिनिटं. मग एकदम त्याला श्वास लागला आणि तो गुडघ्यांवर बसला. मी पाठीवरून हात फिरवला. शर्ट बर्फासारखा गार होता, त्या उन्हात.

मग तो बोलायला लागला. सरांकडे न बघता, माझ्याकडे बघून.

"पंपाला चिंधी अडकली व्हती. ठेकेदारानं एक मानूस आणला, एका दिसासाठी. गेटवर नाव ल्हिलं न्हाई. तो म्हनला, वास येतोय, डोकं धरतंय. तर ह्ये साहेब म्हनले, थोडा गॅस अडकला आसंल, पानी हलीव म्हंजी जाईल. तो उतरला. जरा वेळ हुबा व्हता छातीभर पान्यात. माझ्याकडं बघून हसला बी. आन् मंग बसला... बसल्यावानी खाली गेला. मी दोर घेऊन उतरलो. त्याचा हात गावला व्हता, भाऊ. गावला व्हता. पर माझं बी डोकं फिरलं. वरून ह्ये वरडले, सोड त्याला, वर ये. आन् मी सोडला."

"नंतर?"

"लोखंडाच्या आकड्यानं वर काढला. टेम्पोत घातला. मला म्हनले शुद्धीवर आला, गावाकडं गेला. मी म्हनलं बरं झालं. मला तसंच पायजे व्हतं ना."

साहेबराव सर त्यांच्या गाडीकडे चालू लागले होते. कागद पंपाच्या खोलीतच राहिला. सहीशिवाय.

त्याच संध्याकाळी मी आणि आदिनाथ सुभद्राबाईंना घेऊन पोलिसांत गेलो. जुना मीटर दिला, आदिनाथने गणराजचा फोटो ओळखला आणि जबाब दिला. जाळी कापली, खड्डा उपसला. चिखल निघाला, लोखंडाचा चुरा निघाला. बाकी काही नाही.

साहेबराव सर म्हणाले, माणूस पडला होता हे खरं, पण टेम्पोत शुद्धीवर आला आणि हायवेला उतरून चालत गेला. टेम्पोवालाही तेच म्हणाला. शब्दही तेच. गणराज कुठल्या दवाखान्यात सापडला नाही, कुठे बेवारस म्हणूनही नाही. मीटरवर तज्ज्ञाचा अहवाल आला. दोन ओळी. नळीत हवा अडकल्यामुळे रीडिंग अविश्वसनीय आहे.

मी लेखी दिलं की नळीत हवा नव्हती. कुणी वाचलं असेल का, माहीत नाही. केस अजून चालू आहे असं म्हणतात.

साहेबराव सर आता दुसऱ्या कंपनीत आहेत. आदिनाथने नोकरी सोडली, सध्या टोमॅटो करतो. खड्डा काँक्रीटने बुजवला. माझ्या फर्मने मला चाकणच्या कामावरून काढून पिंपरीत टाकलं.

गेल्या महिन्यात सुभद्राबाईंचा फोन आला. देहूरोडला त्यांच्या खोलीवर गेलो. चहा टाकला होता. गणराजचे कपडे दोरीवर धुऊन वाळत घातलेले होते. मी कप हातात घेतला.

त्या म्हणाल्या, "दादा, पोलीस म्हणतेत, मेला असं लिहून द्या, म्हणजे पुढचं बघता येईल. तुमचं मीटर काय म्हणतं? वर आला ना तो?"

"आला, मावशी. अर्ध्या तासाने."

"मग मी कसं लिहून देऊ? त्याचा फोन येतो की."

मी कप खाली ठेवला. पोलिसांनी मला सांगितलं होतं, तो नंबर फेब्रुवारीच्या त्या गुरुवारपासून बंद आहे. शेवटचं लोकेशन चाकण.

"काय बोलतो?"

"बोलत नाही. नुसता श्वास घ्यायलाय. दिवसा येतो, कधीबी येतो. लेकराचा श्वास माय ओळखत नाही व्हय?"

मला वाटलं, कुणीतरी म्हातारीची चेष्टा करतंय. किंवा तो टेम्पोवाला. किंवा... खरंच जिवंत असेल, कुठेतरी लपून असेल, कुणीतरी धमकावून ठेवलं असेल. एकाच मिनिटात मी चार जणांवर संशय घेऊन मोकळा झालो.

मी निघायला उठलो आणि त्यांचा फोन वाजला.

स्क्रीनवर नाव होतं. गणराज. फोटोसकट.

सुभद्राबाईंनी तो उचलला, जरा वेळ ऐकला आणि माझ्या कानाला लावला.

आधी काहीच नाही. मग...

श्वास. आत ओढलेला. लांब.

मग पुन्हा एक. आत.

पुन्हा एक. आत.

मी वाट बघत होतो. बाहेर येण्याची. एकदाही बाहेर आला नाही.

"घ्यायलाय ना श्वास?" त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "सांगा की दादा. घ्यायलाय ना?"

"हो मावशी," मी म्हणालो. "घेतोय."

आणि हे खोटं नव्हतं, हाच माझा त्रास आहे.

सुभद्राबाईंनी अजून काही लिहून दिलेलं नाही. दर महिन्याला त्या कोपऱ्यावरच्या दुकानात जातात आणि त्या नंबरवर रिचार्ज मारतात. दुकानदार म्हणतो, आजी, हा नंबर बंद दाखवतोय.

पण रिचार्ज जातो.